हाय-लँडरला २६५ चे टायर टाकले, फुल स्टेअरिंगला घासतायत

बागायतदार_तासगाव
राम राम मंडळी. इसुझू हाय-लँडर पिकअप आहे माझी. कंपनीचे २४५/७० आर१६ टायर गुळगुळीत झालेले म्हणून मागच्या आठवड्यात २६५/७० आर१६ ऑल टेरेन (रान-रस्ता दोन्हीकडं चालणारे) टाकले. बाग काळ्या रानात आहे, ऑक्टोबर छाटणीच्या टायमाला पाऊस झाला की चाकोरी एवढी खोल पडती की गाडीचं पोट टेकतंय. आता रानात मस्त चाललीय पण फुल स्टेअरिंग मारून रिव्हर्स घेतला की डाव्या बाजूनं खर्रर्र आवाज. दुकानदार म्हणतोय दोन इंच लिफ्ट करा (सस्पेन्शनवर गाडी उंच करा), मिटून जाईल. करू का?

घाटवाला_सातारा
दादा लिफ्टची घाई करू नका, आधी घासतंय कुठं ते बघा. टायरच्या कडेला ओला चुना फासा, फुल लॉक मारून (स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवून) गाडी पुढं मागं घ्या, पांढरं जिथं उमटंल तिथं दुखणं. हिशोब सांगतो, जुन्या टायरचा व्यास ७४९ मिमी, नव्याचा ७७७, म्हणजे चाकाभोवती सगळीकडनं १४ मिमी वाढलं आणि रुंदीत दोन्ही बाजूला १०-१०. लिफ्टनं जागा वाढती ती वरची, आणि फुल लॉकला टायर घासतो तो मागं, दाराकडच्या बाजूला, तिथं लिफ्टचा काय उपयोग. माझ्या इसुझू व्ही-क्रॉसला मडफ्लॅप आणि आतलं प्लॅस्टिक लागत होतं. फ्लॅप काढला, डेंटरकडनं प्लॅस्टिक हीट गननं गरम करून मागं दाबून घेतलं. मग अलाइनमेंटला कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागं कल) थोडा वाढवून मागा, चाक पुढं सरकतं. यवतेश्वर घाटातनं कासला किती वेळा गेलो, आवाज नाही.

मिरज_गॅरेज
रिम कंपनीचीच आहे ना? बाहेर आलेली रिम किंवा स्पेसर (चाक बाहेर ढकलणारी चकती) असंल तर चाक मोठा घेर घेऊन फिरतं, घासणारच. आणि चुना चेसिसला नाहीतर ब्रेकच्या पाइपला लागलेला दिसला तर गाडी हलवू पण नका, सरळ गॅरेजला बोलवा, पाइप कापला गेला तर ब्रेक नीट लागणार नाहीत.

बागायतदार_तासगाव
रिम कंपनीचीच. चुना लावून बघितला, फ्लॅपवर आणि आतल्या प्लॅस्टिकवर दोन बोटं पट्टा उमटला, पाइप चेसिस कोरडं. फ्लॅप काढला, प्लॅस्टिक दाबलं, आवाज बंद. लय आभार दादा, लिफ्टचा खर्च वाचला. पण स्टेपनी जुन्याच मापाची आहे, चालंल का?

घाटवाला_सातारा
पुढं चालंल, पंक्चरवाल्यापर्यंत हळू जायचं. मागं लावू नका, इंजिनचा जोर मागच्या चाकांवर असतो, ती दोन लहानमोठी झाली की डिफरन्शियलचे (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारे) गिअर सतत फिरत राहतात आणि तापतात. मागचं पंक्चर झालं तर पुढचं एक मागं घ्या, स्टेपनी पुढं टाका. दहा मिनिटं जास्त जातील. अजून एक, काटा ८० दाखवंल तेव्हा गाडी ८३ ला असणार, हायवेला ध्यानात ठेवा.