प्रति: टीएलडी आणि अँटासिड
‘गोळी एकदा पोटात गेली की वर अँटासिड घेतलं तरी बिघडत नाही’ हे म्हणणं टीएलडीला, म्हणजे एचआयव्हीवरच्या तीन औषधांच्या एकत्र गोळीला, लागू नाही. तिच्यातलं डोल्युटेग्राविर आतड्यात अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमला चिकटतं आणि रक्तात कमी उतरतं. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडू, भुट्ट्याचा कीस हाणून घरी आल्यावर अँटासिडचे दोन चमचे घेणारे इंदुरात काय कमी आहेत? त्यात टीएलडीची वेळही झोपतानाचीच असली की झालंच. टीएलडी अँटासिडच्या २ तास आधी घ्या, नाहीतर नंतर ६ तासांनी. पोट भरलेलं असलं तरी यात सूट नाही. अँटासिडच्या चघळायच्या गोळ्याही त्यातच आल्या. कॅल्शियम आणि लोहाचं वेगळं: जेवणासोबत टीएलडीबरोबर चालतात, उपाशीपोटी मात्र तेच २ आणि ६ तास. जळजळ रोजचीच असेल तर डॉक्टरांना पँटोप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या औषधाबद्दल विचारा, त्याची डोल्युटेग्राविरला अडचण नाही.

टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू झालं तर रोज टीएलडीनंतर १२ तासांनी डोल्युटेग्राविर ५० मिग्रॅची जादा गोळी लागते. टीबीचे डॉक्टर वेगळे असले की नेमकी हीच राहून जाते, म्हणून त्यांची चिठ्ठी एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात दाखवाच. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनीही दाखवावी, डोल्युटेग्राविरसोबत ते सहसा दिवसाला १००० मिग्रॅच्या वर जाऊ देत नाहीत.