उंचीची भीती जावी म्हणून कातळ चढायला शिकावं का? गुडघेदुखीचं सोंग आता पुरे झालं

सोलरवाला_जळगाव

नमस्कार मंडळी. वय ३९, वजन ९४ किलो, धंदा छतावर सोलर बसवायचा. आणि मला उंचीची भीती वाटते. आधी हसून घ्या.

दहा वर्षं हे झाकून ठेवलंय. साइटवर गेलो की मी खाली शेठसोबत चहा पीत बसतो, मोजमाप घ्यायला हाताखालचं पोरगं वर जातं. कोणी विचारलंच तर गुडघा दुखतो म्हणतो. ही गुडघेदुखी इतकी गाजलीय की यावलकडच्या एका शेतकऱ्यानं चोळायला मोहाचं तेल आणून दिलं. दोन बाटल्या घरात तशाच पडल्या आहेत.

गेल्या महिन्यात पोरगं बहिणीच्या लग्नाला गेलं आणि एका जिनिंगच्या शेडवर मलाच चढावं लागलं. नवव्या-दहाव्या पायरीवर शिडीला हात असे चिकटले की सुटेनात. वर नाही, खाली नाही. खाली हमाल जमले. शेवटी त्यातले एक म्हातारे बाबा मागून वर आले आणि माझा एकेक पाय हातानं धरून खालच्या पायरीवर ठेवत मला उतरवलं. चार वर्षांच्या पोराला उतरवावं तसं. बाबा कोणाला काही बोलले नाहीत, पण बाकीचे बोलले असणारच.

नाशिकचा एक मित्र म्हणतो, रॉक क्लायंबिंग कर, एकदा दोरावर लटकलास की भीती पळाली. मी तर मनमाडजवळ रेल्वेतून हडबीची शेंडी दिसली, तो अंगठ्यासारखा सुळका हो, तरी खिडकीतून नजर काढून घेतो. खरंच पळते का भीती? आणि ९४ किलोला दोर धरतो का?

केळीबाग_रावेर

भो, मे महिन्यात ये इकडे. तापलेल्या दगडाला हात लावलास की उंचीची भीती जाऊन चटक्याची बसेल. बाकी मला यातलं काही कळत नाही, वाचायला थांबलोय.

पांझराकाठ

दादा, मी धुळ्याचा, पंप दुरुस्तीचं दुकान आहे. ४१ व्या वर्षी सुरुवात केली, आता ४६ चा आहे. तुमच्या मित्राचं 'भीती पळाली' हे काही खरं नाही. माझी अजून इथंच आहे.

माझं निमित्त लळिंगचा किल्ला. भाचे कड्याच्या टोकाशी फोटो काढत होते आणि मी दहा हात मागं गवतात बसून त्यांच्यावर ओरडत होतो. नंतर एका ओळखीच्या गटाबरोबर गेलो, साधारण ३५ फुटांचा कातळ. वर दगडात ठोकलेले दोन वेगवेगळे बोल्ट, त्यातल्या कॅराबिनरमधून, म्हणजे झडपेच्या धातूच्या कडीतून, दोर फिरवून दोन्ही टोकं खाली. याला टॉप रोप म्हणतात. एक टोक आठाच्या गाठीनं तुमच्या हार्नेसला, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधलेल्या पट्ट्याला, दुसरी बाजू खाली उभ्या माणसाच्या बिले उपकरणात, म्हणजे दोर अडवून धरणाऱ्या साधनात. तुम्ही चढाल तशी तो ढिलाई ओढून घेतो. हात सुटला तरी दोर ताणेल तेवढे फूट-दोन फूटच खाली येता, मात्र खालचा माणूस जागा पाहिजे.

गंमत सांगतो, चढणं मला जडच गेलं नाही. गच्चीच्या कठड्याशी गरगरतं त्याचं एक कारण असं की तोल सांभाळताना डोळ्यांना जवळची स्थिर वस्तू लागते. समोर नुसतं लांबचं शेत असलं की आपण किती हललो हे डोळ्यांना समजत नाही, मग शरीर गोंधळतं. कातळावर नाकासमोर वीतभर अंतरावर दगड असतो. कुठं बोट अडकेल, कुठं बुटाचं टोक बसेल, एवढंच बघायचं. मी तर खुशीत वर पोचलो.

आणि तिथं अडकलो. खालून शिकवणारे सर म्हणाले, "आता मागं रेला, दोरावर बसा." बसा? कशावर? पाठीमागं तर काहीच नव्हतं! हात सोडून मागं बसायचं हे मेंदूनं साफ नाकारलं. उजवा पाय शिलाई मशीनसारखा खटाखट हलायला लागला. 'माय वो' एवढंच तोंडातून निघत होतं. पंधरा-वीस मिनिटं दगडाला कवटाळून होतो, कोपरापासून खालचे हात फुगून दगडासारखे झाले आणि शेवटी ताकद संपली म्हणून हात सुटले. झालं काय? काही नाही. हार्नेस मांड्यांना लागला आणि मी झोळीतल्या पोरासारखा लटकलो.

पुढच्या वेळी सरांनी वर जाऊच दिलं नाही. जमिनीपासून पाच फुटांवर, मागं रेलून दोरावर बस, दोन्ही तळवे दगडाला टेकव, उठ, परत बस. दहा वेळा. मग दहा फुटांवर. मग पंधरा. घाबरल्याबरोबर उतरायचं नाही, त्याच जागी थांबून थरथर ओसरेपर्यंत वाट बघायची, असा त्यांचा नियम होता. लगेच उतरलं तर शरीर धरून बसतं की उतरलो म्हणून वाचलो. मला वाटतं सगळं शिक्षण या एका गोष्टीत होतं, कातळ चढणं फुकटात मिळालं.

लळिंगच्या टोकाशी अजून पोटात गोळा येतो. चौथ्या मजल्यावरच्या पाहुण्यांकडे गेलो तर गॅलरीत भिंतीकडची खुर्ची माझी. पण शिडीवर हात चिकटले तर काय करायचं ते आता ठाऊक आहे: लांब श्वास सोडायचा, टाच खाली दाबायची, मूठ थोडी सैल करायची आणि फक्त पुढची एक पायरी बघायची.

वजनाचं मनातून काढा. चांगला कॅराबिनर बंद असताना लांबीच्या दिशेनं २० किलोन्यूटनच्या वर धरतो, म्हणजे साधारण दोन टन. अडचण तुमची नाही, खाली दोर धरणाऱ्याची आहे. तो हलका असेल तर तुम्ही लटकताच तोच वर उचलला जातो. म्हणून त्याला खाली बांधून ठेवतात.

आपला काळा कातळ थरांचा असतो. पकड धरण्याआधी हातानं ठोकून बघायची, पोकळ आवाज आला तर नको. दिवाळीनंतर जा, होळीच्या आधी आटपा. अत्तर-सेंट लावू नका, आणि वर कुठं आग्या मोहोळ दिसलं तर कितीही पैसे भरले असले तरी मागं फिरा. हडबीची शेंडी सध्या रेल्वेतूनच बघा, ते नवशिक्याचं काम नाही.

फॅब्रिकेटर_जामनेर

मी शेड उभ्या करतो. शेठ, तुमची भीती सगळीच खोटी नाही. सिमेंटचा जुना पत्रा आणि उजेडासाठी टाकलेला फायबरचा पत्रा माणसाच्या वजनानं फुटतो. आमच्या लाइनीत माणसं अशीच जातात. बोल्टच्या ओळीखाली पर्लिन, म्हणजे पत्र्याला आधार देणारी आडवी पट्टी असते, पण सिमेंटच्या पत्र्यावर त्या ओळीवरूनही चालू नका, फळ्या टाका. आणि ते क्लायंबिंगचं कमरेचं हार्नेस शेडवर चालत नाही. तिथं खांद्यापर्यंतचं पूर्ण हार्नेस, मागून पाठीला हूक, आणि दोन लॅनयार्ड, हुकाचे आखूड दोर, म्हणजे एक सोडताना दुसरा लागलेला राहतो. कातळ चढून धीट झालात आणि पत्र्यावर मोकळे फिरलात तर त्यापेक्षा आत्ताचा गुडघा बरा.

गिरणामाय

भाऊ, एक विचारते. गादीवर कूस बदलताना किंवा मान वर करताना खोली फिरते का? माझ्या मिस्टरांना वाटायचं उंचीची भीती आहे, निघाला कानाच्या आतला दोष. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी डोकं ठरावीक पद्धतीनं फिरवून बरं केलं. तसं काही असेल तर आधी ते बघा, मग दोर.

सोलरवाला_जळगाव

ताई, नाही हो. गादीवर मी शेर आहे.

जामनेरवाले भाऊ, खरं सांगतो, माझं पोरगं आजवर बिनपट्ट्याचं वर जात होतं. मी खाली चहा पीत होतो आणि ते फायबरच्या पत्र्याशेजारी चालत होतं. दोन पूर्ण हार्नेस आजच सांगितले.

धुळेकर दादा, गटाचं कळवा, डिसेंबरमध्ये येतो. सोबत मेहुणा यायचं म्हणतोय, ५८ किलोचा आहे. दोर तोच धरणार म्हणे.

पांझराकाठ

मेहुण्याला आणा, फोटो काढेल. दोर शिकलेला माणूस धरेल, आणि त्यालाही आम्ही झाडाला बांधू.