फिनिश भाषेसाठी जन्मलेली अकादमी जर्मनमध्ये का छापत राहिली? आणि ते चुकलं का?

उत्तरायण

ज्ञानभाषेवरच्या एका चर्चेत मी परवा फिनलंडचं उदाहरण दिलं, तेव्हा 'तिथल्या विद्वत्सभेनं असं काय वेगळं केलं?' असा प्रश्न आला. उत्तर लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

१९०८ साली हेलसिंकीत 'सुओमालाइनेन तिएदेआकातेमिया' स्थापन झाली. मराठीत आपण तिला फिनिश विज्ञान अकादमी म्हणू, पण 'विज्ञान' हा शब्द इथं अपुरा पडतो. फिनिश 'तिएदे'मध्ये भौतिकी येते तसा इतिहास येतो, व्याकरणही येतं. आपण व्याकरणशास्त्र, खगोलशास्त्र, नाट्यशास्त्र म्हणतो, त्यातल्या 'शास्त्र' शब्दाला तो जवळचा आहे. अकादमीचे दोन विभाग आहेत: निसर्गशास्त्रांचा आणि मानव्यविद्यांचा. देशी सदस्यांच्या एकूण जागा ३२८, त्यांपैकी १८९ पहिल्या विभागाच्या आणि १३९ दुसऱ्याच्या. सदस्य ६५ वर्षांचा झाला की त्याची जागा नव्या माणसासाठी मोकळी होते, मात्र त्याचं सदस्यत्व तहहयात राहतं. मला हा नियम फार आवडतो. ज्येष्ठांना उठवायचं नाही आणि तरुणांना दाराबाहेर ताटकळतही ठेवायचं नाही, हे दोन्ही त्यात साधतं.

आता भाषेचा भाग. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनकडे होता आणि नंतर १९१७ पर्यंत रशियाच्या झारकडे. सत्ता बदलली तरी शिकलेल्या वर्गाची भाषा स्वीडिशच राहिली. १८३८ मध्ये तिथली पहिली विद्वत्सभा निघाली, तीही स्वीडिश वळणाची. बहुसंख्य लोक फिनिश बोलत, पण कचेरीत त्या भाषेला किंमत नव्हती. १८६३ च्या भाषा-फर्मानानं वीस वर्षांत फिनिशला स्वीडिशच्या बरोबरीला आणायचं ठरवलं. त्यानंतर फिनिश शाळांतून शिकलेली पिढी विद्यापीठात पोचली आणि तिनं १९०८ मध्ये स्वतःचं घर बांधलं, ते ही अकादमी.

या घरातून जे ग्रंथ बाहेर पडले त्यांच्या मालिकेचं नाव मात्र लॅटिन होतं, 'अनालेस'. आतले बहुतेक लेख जर्मनमध्ये, पुढे इंग्रजीत. माझं मत असं की त्यांनी बरोबर केलं. बैठकांतली व्याख्यानं आणि इतिवृत्तं ते फिनिशमध्ये छापत होते. घरात फिनिश आणि वेशीबाहेर जर्मन अशी ती वाटणी होती.

त्यातून काय उभं राहिलं याची तीन उदाहरणं देतो. पहिलं, लोककथांची सूची. फिनलंडचे लोकसाहित्य-अभ्यासक आंत्ती आर्ने यांनी १९१० मध्ये कथाप्रकारांना क्रमांक दिले. ती सूची अकादमीनं लोकसाहित्याच्या मालिकेत छापली, जर्मनमध्ये. अमेरिकेच्या स्टिथ थॉम्पसननी ती वाढवली, २००४ मध्ये जर्मनीच्या हान्स-यॉर्ग उथर यांनी ती नव्यानं तीन खंडांत केली, आणि हे सगळं त्याच मालिकेत. जगातला लोककथेचा कुठलाही अभ्यासक आज हेच क्रमांक वापरतो. दुसरं, उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे सोदांक्युला इथली भूचुंबकीय वेधशाळा. ती अकादमीनं काढली. १ जानेवारी १९१४ पासून तिथं नोंदी सुरू झाल्या आणि १९९७ मध्ये औलू विद्यापीठाकडे जाईपर्यंत ती अकादमीनंच चालवली. तिसरं आपल्या जवळचं आहे. सिंधू मुद्रांचा छायाचित्रसंग्रह. फिनलंडचे आस्को पार्पोला आणि आपले जगत्पती जोशी यांनी संपादलेला भारतातल्या मुद्रांचा खंड १९८७ मध्ये अकादमीच्या मालिकेतूनच निघाला.

यातलं एकही काम दोन-चार वर्षांत होणारं नव्हतं. विद्वानाचा सन्मान शालीनं होत नाही, शंभर वर्षं टिकणाऱ्या कामाला घर दिल्यानं होतो, असं मला वाटतं. आपलं मत सांगा.

मृदगंध

असहमत, आणि बऱ्यापैकी असहमत.

ज्या भाषेसाठी भांडून घर बांधलं, त्या घराची दर्शनी खोलीच परक्या भाषेला दिली. त्याला तुम्ही 'वाटणी' म्हणता. अशा वाटणीत घरातली भाषा नेहमी माजघरात जाते. व्याख्यानं फिनिशमध्ये झाली, पण ज्यावर विद्वानाची पत ठरते तो लेख जर्मनमध्ये गेला. तरुण संशोधक यातून काय शिकतो? आपल्या भाषेत बोलायचं असतं, सिद्ध करायचं असतं ते दुसऱ्यांच्या.

फिनिशला शब्द नव्हते असंही नाही. विजेसाठी 'सॅहक्यो' हा शब्द त्यांनी १८४५ मध्येच घडवला होता, चमकणं आणि ठिणग्या उडणं या अर्थांच्या दोन क्रियापदांतून. डॉक्टर आणि भाषापंडित एलियास ल्योनरूत यांनी वैद्यकाचे आणि वनस्पतिशास्त्राचे कितीतरी शब्द दिले. भाषा तयार होती. कमी पडला तो तिच्यावरचा विश्वास.

आणि लोककथांच्या सूचीचं म्हणाल तर मला तिथंच जास्त टोचतं. कथा सांगणारी बाई कुठल्या गावची, कुणाला सांगत होती, मध्येच कुठं थांबली, हे सगळं गळून एक क्रमांक उरतो. मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रिअर हिनं १८६८ मध्ये दख्खनच्या कथा छापल्या, त्या तिची आया आना लिबराता डिसोझा हिनं सांगितलेल्या होत्या. तिथं निदान सांगणारीचं नाव आणि तिची हकिकत छापली गेली. सूचीत ते कुठे ठेवणार?

औलूकर

मी चार वर्षं औलूत काढली आहेत, म्हणून आधी एक खुलासा, नाहीतर पुढे गोंधळ होईल. फिनलंडमध्ये तीन वेगळ्या गोष्टी आहेत. १८३८ ची स्वीडिश परंपरेची सभा. १९०८ ची ही अकादमी. आणि तिसरी 'सुओमेन आकातेमिया', जी सरकारी पैसा संशोधनाला वाटते. २०२३ पासून तिसरीचं इंग्रजी नाव बदलून 'संशोधन परिषद' असं केलं आहे. राष्ट्राध्यक्ष देतात ती 'आकातेमिक्को' ही पदवी या तिसरीच्या शिफारशीवरून मिळते. इथं चर्चा दुसरीची चालली आहे.

सोदांक्युलाला मी एकदा हिवाळ्यात गेलो होतो. वेधशाळा गावाबाहेर नदीकाठी तॅहतेलॅ नावाच्या जागी आहे. दिवस म्हणजे दोन-अडीच तासांचा निळसर उजेड. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं लॅपलंड जाळलं तेव्हा ही वेधशाळाही गेली. युद्धात हरलेल्या, कर्जात बुडालेल्या देशात ती पुन्हा उभारली गेली. चुंबकसुईचं थरथरणं लिहून ठेवायला! त्या खोलीत उभं राहिल्यावर मला आपलं अलिबाग आठवलं. कुलाब्याच्या वेधशाळेनं १८५९ च्या प्रचंड सौरवादळाची जी नोंद केली, ती आजही जगभरचे अभ्यासक वापरतात. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये काम अलिबागला नेलं. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळातली ही गोष्ट. दोन्ही ठिकाणच्या आकड्यांना भाषा नाही. त्यामुळे निसर्गशास्त्राच्या विभागापुरता मी उत्तरायण यांच्या बाजूनं.

मानव्यविद्यांपुरता मात्र मृदगंध यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि हे फिन लोकांनाही कळतं. २०१९ मध्ये तिथल्याच विद्वत्संस्थांच्या महासंघानं पुढाकार घेऊन संशोधनातल्या बहुभाषिकतेसाठी 'हेलसिंकी पुढाकार' जाहीर केला. स्थानिक भाषेत लिहिलेल्या संशोधनाला मूल्यमापनात कमी लेखू नका, ही त्यातली मुख्य मागणी. सगळं ठीक चाललं असतं तर ही मागणी करावी लागली नसती.

शून्याचा शोध

मला भाषेपेक्षा सन्मानाच्या पद्धतीची चिंता आहे. सदस्यच सदस्य निवडतात. ३२८ असोत की तीन हजार, आत बसलेल्यांना जो आपल्यासारखा वाटतो तो आत येतो. ६५ चा नियम चांगला आहे, पण त्यानं फक्त वय बदलतं, निवडणारे हात तेच राहतात.

विद्वानांनी विद्वानांचा गौरव करताना डोळे कसे मिटले जातात याचं उदाहरण फिनलंडमध्येच आहे. रोल्फ नेवानलिना हे फिनिश गणितातलं फार मोठं नाव. युद्धकाळात ते हेलसिंकी विद्यापीठाचे रेक्टर होते आणि एसएस या नाझी जर्मनीच्या सशस्त्र दलात जाणाऱ्या फिनिश स्वयंसेवकांच्या समितीचे अध्यक्षही होते. हे गुपित नव्हतं. तरी १९८० च्या दशकापासून संगणनातल्या गणितासाठीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार त्यांच्या नावानं दिला जात होता. ते नाव काढायचा निर्णय २०१८ मध्ये झाला आणि २०२२ पासून तो 'अबॅकस पदक' झाला. मधली तीसेक वर्षं कुणाला खटकलं नसेल? खटकलं असणार. पण गणित श्रेष्ठ आहे ना, मग पुढे चला, अशी ती वृत्ती. मला ती मान्य नाही.

उत्तरायण

शून्याचा शोध, नेवानलिनांबद्दल तुमच्याशी वाद नाही. पण तो पुरस्कार आंतरराष्ट्रीय गणित संघाचा होता, या अकादमीचा नव्हे. आणि नव्या नावाचं पहिलं पदक हेलसिंकीतच दिलं गेलं, हेही लक्षात घ्या. त्यांच्याच शहरात त्यांचं नाव उतरवलं गेलं.

सदस्यांनी सदस्य निवडणं मला तरीही बरं वाटतं. दुसरा पर्याय कोणता? मंत्र्यानं निवडायचं? १९०८ मध्ये झारची माणसं निवडत असती तर फिनिश लिहिणारा एकही आत गेला नसता.

मृदगंध, 'माजघर' हा शब्द लागला. पण १९१० ची परिस्थिती बघा. आर्ने यांना रशियन, डॅनिश, हंगेरियन कथा हव्या होत्या. कोपनहेगनच्या माणसानं सूचीवर काम करावं असं वाटत असेल तर ती त्याला वाचता यायला हवी. फिनिशमध्ये छापली असती तर ती फिनलंडच्या कथांची यादी झाली असती. जर्मनमध्ये छापल्यामुळे जगाच्या कथांचा नकाशा झाला, आणि त्या नकाशाचं मूळ गाव हेलसिंकी राहिलं. छोट्या भाषेच्या लोकांनी मोठ्या भाषांच्या विद्वानांना आपले क्रमांक वापरायला लावले, याला मी विश्वासाचा अभाव म्हणणार नाही.

पाटीपेन्सिल

एक गोष्ट कुणी बोललं नाही. अकादमी ही फिनिश भाषेची एकमेव आशा नव्हती, म्हणून तिला जर्मनमध्ये छापणं परवडलं. १९२० मध्ये तुर्कूला फिनिश भाषेचं विद्यापीठ निघालं ते २२,०४० लोकांच्या देणग्यांतून. शाळा फिनिश, कोर्टकचेरी फिनिश, वर्तमानपत्रं फिनिश. पाया एवढा पक्का असेल तर एक खिडकी जर्मन असली तरी घर हलत नाही. आपल्याकडे पुण्यात अकादमीनंतर दोनच वर्षांनी, १९१० मध्ये, राजवाड्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं आणि कागदपत्रं मराठीत छापली. काम तोलामोलाचं होतं. पण मंडळाबाहेर वरच्या शिक्षणाचं सगळं इंग्रजीत. मग मराठीत छापलेलं पुढे वाचणार कोण, हा प्रश्न मंडळ एकट्यानं कसा सोडवणार होतं? तुलना करायची तर पायाची करा.

मृदगंध

पाटीपेन्सिल, हे पटलं. माझा राग चुकीच्या संस्थेवर निघत होता असं वाटतंय. मात्र 'खिडकी' वाढत वाढत भिंत खाते, हे औलूकरांनी सांगितलेल्या २०१९ च्या मागणीवरून दिसतंच.

पार्पोलांचं काम मी थोडं वाचलं आहे. २०१० मध्ये कोईमतूरच्या तमिळ परिषदेत राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्यांचा सत्कार झाला होता, तेव्हा पहिल्यांदा नाव ऐकलं. सिंधू लिपीतली भाषा द्राविडी असावी हे त्यांचं मत न पटणारे पुष्कळ आहेत. पण त्यांनाही मुद्रा बघायला त्याच संग्रहाची पानं उघडावी लागतात. ते मी मान्य करते.

क्रमांकांबद्दलचं माझं म्हणणं मात्र कायम आहे.

उत्तरायण

क्रमांकांबद्दल एक सांगतो. १९६० मध्ये थॉम्पसन आणि रॉबर्ट्स यांनी भारत, पाकिस्तान आणि सिलोनच्या मौखिक कथांची सूची केली, तीही अकादमीच्या याच मालिकेत. या पद्धतीत १२२ एफ असा एक प्रकार आहे. त्याचं शीर्षक, 'मी लठ्ठ होईपर्यंत थांब'. वाघ अडवतो, सावज म्हणतं आत्ता खाऊन काय मिळणार, परत येताना खा. ओळखीचं वाटतं? 'लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन', आपली भोपळ्यातली म्हातारी! पंजाबात म्हातारीच्या जागी कोकरू आहे आणि भोपळ्याच्या जागी ढोलकं. क्रमांक नसता तर ही दोन भावंडं मला कधी शेजारी दिसली नसती.

मृदगंध

आमच्याकडे ती गोष्ट वेगळी आहे. माझी आजी सावंतवाडीकडची. तिच्या गोष्टीत म्हातारीला वाटेत वाघ भेटायच्या आधी पूर आलेली नदी भेटते आणि म्हातारी नदीलाही तेच सांगते, 'आता नेऊ नको, येताना ने.' नदी वाट देते. परतीला नदी आटलेली असते. पावसाळ्यात सांगायची ती ही गोष्ट, आणि नदीपाशी आली की थोडी गप्प बसायची. तिचा धाकटा भाऊ पुरात गेला होता, हे मला खूप नंतर कळलं.

१२२ एफ मध्ये नदी बसते का, माहीत असेल तर सांगा. गोष्ट मी आईकडून तिच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करून घेते आहे, आजीच्या नावासकट.