ड्रॅक्युलानंतर स्टोकरचं काय वाचावं?

ड्रॅक्युला आवडली, आता स्टोकरचं दुसरं काय वाचावं, या प्रश्नावर माझं मत ‘द ज्वेल ऑफ सेव्हन स्टार्स’ला. १९०३ सालची ही कादंबरी, तेरा नावाच्या इजिप्शियन राणीच्या ममीची.

सुरुवातीची प्रकरणं तर अफाट आहेत. लंडनच्या घरात एक इजिप्त-अभ्यासक बेशुद्ध पडलाय, मनगटावर जखमा आहेत आणि खोली ममींनी भरलेली. ममींच्या वासाने पहाऱ्यावरच्या माणसांना गुंगी येते, म्हणून निवेदक चक्क तोंडाला लावायचा रेस्पिरेटर विकत आणतो! घरातलं सिल्व्हिओ मांजर तिथल्या मांजराच्या ममीवर तुटून पडतं, तेव्हा अंगावर काटा येतो. मधला भाग मात्र रेंगाळतो, थोडा धीर धरा.

एक गोष्ट आवर्जून सांगते. १९१२च्या आवृत्तीत शेवट बदलून गोड केलाय आणि एक अख्खं प्रकरण गाळलंय. त्यामुळे हातात कुठली आवृत्ती आहे ते आधी तपासा. १९०३चाच शेवट वाचा. तो भयंकर आहे, पण कथेला तोच शोभतो. गोड शेवटाने राणीचा सगळा दरारा निघून जातो.