मिष, बनाव की थाप?

वाचनखुळा: अमेरिकेच्या 'डिस्कव्हरर' उपग्रहांवरचा एक लेख मराठीत आणतोय आणि 'कव्हर स्टोरी'पाशी, म्हणजे खरा हेतू झाकायला सांगितलेल्या गोष्टीपाशी, गाडी अडलीय. १९५९ पासून जगाला सांगितलं जात होतं की हे उपग्रह शास्त्रीय प्रयोगांसाठी आहेत. आतला खरा कार्यक्रम 'कोरोना'. सीआयए आणि हवाई दलाने मिळून सोव्हिएत मुलखाचे फोटो काढायचे, फिल्मची कुपी पॅराशूटने खाली सोडायची आणि विमानाने ती वरच्यावर झेलायची. फिल्म असलेली पहिली कुपी १९ ऑगस्ट १९६० ला हवाई बेटांजवळ झेलली. हे सगळं उघड झालं थेट १९९५ मध्ये! मी सध्या 'थाप' लिहिलंय, पण बायको म्हणते, गावगप्पा वाटतात.

अडकित्ता: वहिनींचं बरोबर आहे. थापेत सांगितलेलं काही घडलेलंच नसतं. जून १९५९ च्या डिस्कव्हरर-३ मध्ये तर खरोखरचे चार काळे उंदीर होते. (यान कक्षेत पोचलं नाही, उंदीर गेले बिचारे.) काम खरं, हेतू दुसरा, याला आपल्याकडे 'मिष' आहे की. 'पत्ता विचारण्याच्या मिषाने मंगळसूत्र लांबवले' ही बातमी आठवा. चोराने पत्ता खरंच विचारलेला असतो.

निशिगंधा: 'आमिष' का नको?

अडकित्ता: ताई, आमिष म्हणजे गळाला लावलेलं मांस. ते समोरच्याला हवंसं वाटावं लागतं. दोन्ही शब्द दिसायला जुळे, पण नातं काही नाही.

जुना_खलाशी: मिष सगळीकडे चालणार नाही हं. १ मे १९६० ला रशियाने अमेरिकेचं यू-२ हे हेरविमान पाडलं, तेव्हा नासाने सांगितलं की ते हवामान संशोधनाचं विमान होतं आणि वैमानिकाला ऑक्सिजनचा त्रास झाला. दुसऱ्या एका यू-२ वर नासाचं नाव रंगवून पत्रकारांपुढे उभंही केलं. ७ मे रोजी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांनी वैमानिक जिवंत आमच्या ताब्यात आहे म्हणून जाहीर केलं आणि सगळं फसलं. हा 'बनाव'. तो रचावा लागतो, त्याला रंग लागतो, इथे तर अक्षरशः.

रशियनही कमी नव्हते. 'अल्माझ' हे लष्करी स्थानक १९७४ मध्ये 'सल्यूत-३' या सोज्वळ नावाने वर गेलं, आत तोफ घेऊन. गाढवाने वाघाचं कातडं पांघरल्याचं ऐकलं होतं, हे उलटंच.

निशिगंधा: मला 'टेहळणी' आणि 'हेरगिरी'ची गंमत वाटते. २००९ चा आपला रिसॅट-२ उपग्रह घ्या. रडार इस्रायली, ढगांतून आणि रात्रीही पाहणारं. अधिकृत भर आपत्ती व्यवस्थापनावर. कुणी कुजबुजलंच तर आपण म्हणणार 'टेहळणी'. शेजाऱ्याने तेच केलं की 'हेरगिरी'. आपला तो बाब्या!

अडकित्ता: आणि कुजबुजणाऱ्याची ती 'शंका' की 'संशय'? शंका विचारता येते, तिचं निरसन होतं. संशय घेतात आणि तो फिटावा लागतो. कोरोनाबद्दलचा कित्येकांचा संशय फिटला नाही, खराच निघाला.

वाचनखुळा: झालं तर. 'शास्त्रीय प्रयोगांच्या मिषाने' केलं, यू-२ च्या परिच्छेदात 'बनाव', शीर्षकात 'संशय'. आता 'कुपी'वर कुणाची हरकत? घरी त्यावरही वाद आहे, तिला अत्तर आठवतं.