शब्दचर्चा: आत्मसन्मान, स्वाभिमान की आत्मस्वीकार?

प्रश्न: समुपदेशनाच्या माहितीपत्रकात स्वतःची किंमत कमी लेखण्याबद्दल लिहायचं आहे. ‘आत्मसन्मान’, ‘स्वाभिमान’, ‘आत्मविश्वास’, ‘न्यूनगंड’ यांपैकी कोणता शब्द नेमका?

प्रतिसाद: ‘आत्मविश्वास’ नको. तो कामागणिक बदलतो: पोहण्याचा वेगळा, चारचौघांत बोलण्याचा वेगळा. कामात तरबेज असलेला माणूसही आतून स्वतःला कवडीमोल समजत असू शकतो. ‘स्वाभिमान’ बहुधा दुसऱ्याच्या वागण्याने दुखावतो, त्यामुळे रोख बाहेर जातो. ‘आत्मसन्मान’ चालेल. समाजशास्त्रज्ञ रोझेनबर्ग यांची १९६५ची मापनश्रेणी हेच मोजते: १० विधानं, त्यातली ५ उलट्या दिशेची, म्हणजे त्यांना होकार दिला तर आत्मसन्मान कमी. त्या पाचांचे गुण उलटवायचे राहिले की बेरीज निरर्थक होते.

प्रतिसाद: ‘न्यूनगंड’ तर अजिबात नको. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडलर यांच्या मांडणीत कमीपणाची भावना प्रत्येकात असते, तीच माणसाला धडपडायला लावते. ती इतकी घट्ट होते की धडपडच थांबते, तेव्हा गंड म्हणायचं. पत्रक वाचणाऱ्याच्या कपाळी पहिल्याच ओळीत गंड कशाला मारायचा?

प्रतिसाद: माझं मत ‘आत्मस्वीकार’ला. १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा आक्षेप स्वतःला गुण देण्यालाच होता. आज यश आलं म्हणून किंमत वाढली, तर उद्या अपयश आल्यावर ती घसरणारच. त्यांनी बिनशर्त आत्मस्वीकार सुचवला: कृतीला चूक म्हणा, माणसाला निकालात काढू नका. ‘अहवाल उशिरा दिला’ हे वाक्य तपासता येतं, ‘मी बेजबाबदार आहे’ हे तपासणार कसं? आणि मराठीतल्या ‘च’कडे कान ठेवा. ‘मला जमलं तर बरं’ ही इच्छा झाली. ‘मला जमलंच पाहिजे’ हा हट्ट. बहुतेक वेळा मन खचतं ते या ‘च’पाशी.

प्रश्नकर्ता: पटलं. पत्रकात विचारांच्या नोंदीचा तक्ताही आहे, त्रासदायक प्रसंगी मनात आलेलं लिहून तपासण्यासाठी. त्यात ‘विचार’ आणि ‘भावना’ असे रकाने ठेवले तर पुरे ना?

प्रतिसाद: रकाने पुरेत, पण सूचना हवी, कारण आपलं ‘वाटणं’ दोन्हीकडे चालतं. ‘मला वाटतं की सगळे मला हसतील’ हा विचार. ‘भीती वाटते’ ही भावना. साधी खूण अशी: एका शब्दात सांगता आली तर भावना (राग, शरम, उदासी), ‘की’ लावून वाक्य करावं लागलं तर विचार. भावनेची तीव्रता ० ते १०० मध्ये लिहायला लावा.

विचाराच्या रकान्यात लोक प्रश्न लिहितात: ‘मलाच का जमत नाही?’ प्रश्नाला पुरावा मागता येत नाही. त्याचं विधान करून घ्या: ‘मला काहीच जमत नाही.’ मग दोन्ही बाजूंचा पुरावा, त्यावरून पर्यायी विचार, आणि शेवटी तीव्रता पुन्हा. ८० वरून ५५ वर आली तरी चांगलं. शून्याची वाट पाहू नये. नोंद प्रसंगानंतर लवकर, शक्यतो त्याच दिवशी करावी. उशीर झाला की आठवतं ते सारवलेलं असतं.

प्रतिसाद: पर्यायी विचाराला ‘सकारात्मक विचार’ म्हणू नका. तसं म्हटलं की माणूस ‘मी सर्वोत्तम आहे’ लिहून मोकळा होतो, त्याच्या स्वतःच्याच मनाला ते पटत नाही आणि तीव्रता जागची हलत नाही. ‘सादरीकरणात दोन आकडे चुकले, बाकीचं नीट झालं, आकडे दुरुस्त करून पाठवता येतील’ हे रुक्ष आहे, पण पटतं. ‘पर्यायी’ किंवा ‘समतोल’ म्हणा. रकान्याखाली ‘यावर किती विश्वास बसतो? ० ते १००’ ही ओळ जरूर घाला. आकडा फारच कमी आला तर वाक्य बदलायचं, स्वतःला दामटायचं नाही.

प्रश्नकर्ता: ठीक. शीर्षकात ‘आत्मस्वीकार’, तक्त्यात ‘पर्यायी विचार’, आणि ‘वाटणं’ची खूण तक्त्याच्या वर चौकटीत टाकतो.