मदत हवी आहे – तारिफाच्या लेवान्तेमध्ये काइट स्थिर कशी ठेवायची?

मंडळी, काइटबोर्डिंग (मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावर बोर्ड चालवणं) करणारं कोणी आहे का इथे? मी शिकलो गोव्यात, मोरजीमला, तिथे दुपारचा वारा हलका पण बऱ्यापैकी एकसारखा असतो. आता स्पेनमध्ये तारिफाला आहे आणि इथला लेवान्ते वारा म्हणजे वेगळंच प्रकरण, पूर्वेकडून जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून दाबून येतो, लोस लान्सेसच्या किनाऱ्यावर जमिनीवरून समुद्राकडे वाहतो त्यामुळे भलताच झटकेदार, 22 नॉटवरून एकदम 35, म्हणजे ओढ जवळजवळ अडीच पट!

प्रॉब्लेम असा की झटका आला की काइट सुसाट पुढे विंडोच्या (काइट जिथे उडू शकते त्या हवेतल्या भागाच्या) कडेला जाते, मग वारा पडतो, लाइन ढिल्या पडतात आणि पुढची कड दुमडून सरळ गोता. बार (हातातला नियंत्रणाचा दांडा) ओढून धरला तर उलटं, स्टॉल होते, म्हणजे उडायची थांबून मागे पडते. डीपॉवर स्ट्रॅप (काइटची ओढ कमी करणारा पट्टा) अर्धा ओढून बघितला, थोडा फरक पडला. वजन 72 किलो, काइट 9 चौरस मीटर, तीन स्ट्रटची (हवा भरलेल्या आडव्या नळ्यांची), हवा टाइट भरतो.

7 मीटरची घ्यावी का? पण मग वारा पडल्यावर तरंगणार कशी? पाच स्ट्रटने फडफड कमी होते म्हणतात, खरंच जाणवतं का? क्विक रिलीज (काइटची ओढ झटकन तोडणारा खटका) रोज किनाऱ्यावर तपासतो, पण ऑफशोअर वाऱ्यात काइट सोडली तर आपण आफ्रिकेच्या दिशेने नाही तर अटलांटिकमध्ये, म्हणून रेस्क्यू बोट नसेल तर उतरतच नाही. पोनिएन्तेची (पश्चिमेकडच्या वाऱ्याची) वाट बघ असं सांगू नका प्लीज, तो कळतोय मला 😅 लेवान्तेतच नियमित उतरणाऱ्यांनी सांगा, किती नॉटच्या फरकाला तुम्ही काइट गुंडाळता?